अंडाशयातील जननपेशी कर्करोग

अंडाशयातील जननपेशी कर्करोग हा स्त्रीबीजे निर्माण करणाऱ्या मूळ पेशींपासून उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग आहे. अंडाशयाचा नेहमीचा कर्करोग बहुधा रजोनिवृत्तीनंतर आढळतो. हा मात्र मुख्यतः १० ते ३० वर्षे वयाच्या मुली व तरुणींना होतो. डिसजर्मिनोमा, अपरिपक्व टेराटोमा आणि योक सॅक ट्यूमर हे त्याचे प्रमुख प्रकार होत. वेळीच योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बऱ्या होतात व पुढे त्यांना मूलही होऊ शकते.

लक्षणे व निदान

गाठ झपाट्याने वाढते. पोट दुखणे व फुगणे ही मुख्य लक्षणे होत. गाठीला पीळ बसल्यास अचानक तीव्र वेदना होतात. काही गाठी एचसीजी हे संप्रेरक स्रवतात; त्यामुळे गर्भ नसतानाही गर्भचाचणी होकारार्थी येते. अशा वेळी मुलीविषयी गैरसमज होऊ नये म्हणून सोनोग्राफी आवश्यक असते. अल्फा-फीटोप्रोटीन, बीटा-एचसीजी व एलडीएच या रक्ततपासण्या शस्त्रक्रियेपूर्वीच कराव्या लागतात, कारण गाठ काढल्यावर त्यांची पातळी घसरते.

उपचार

सामान्यतः केवळ बाधित अंडाशय व त्या बाजूची अंडवाहिनी काढतात. गर्भाशय आणि निरोगी अंडाशय राखले जातात. रोग पसरलेला असला तरी हे बहुधा शक्य असते, कारण या पेशी रसायनोपचाराला उत्तम प्रतिसाद देतात. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड व सिस्प्लॅटिन ही औषधे २१ दिवसांच्या अंतराने ३ ते ४ वेळा देतात. फुप्फुसे, मूत्रपिंडे व श्रवणशक्ती यांवर दुष्परिणाम होऊ शकत असल्याने त्यांची तपासणी केली जाते. पहिल्या अवस्थेतील डिसजर्मिनोमामध्ये शस्त्रक्रियेनंतर अनेकदा केवळ नियमित देखरेख पुरते. पहिल्या अवस्थेत बरे होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे.

महाराष्ट्रातील सोयी

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१) हे राज्यातील प्रमुख उपचारकेंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील कुंडलसारख्या गावांना मिरजेतील कर्करोग रुग्णालय जवळ पडते. कुंडलनजीकचे किर्लोस्करवाडी स्थानक पुणे–मिरज लोहमार्गावर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगावरील उपचार होतात. आजार दुर्मीळ असल्याने पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच कर्करोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे महत्त्वाचे ठरते. दोन्ही अंडाशये एकदा काढल्यास नैसर्गिकरीत्या गर्भधारणा होण्याची शक्यता संपते.