विजयदुर्गावरचे लॉकियर: एका तारखेचा तपास

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास सूर्यग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे कोकणात अभिमानाने सांगतात. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ त्याची खूण म्हणून दाखवले जातात आणि 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. त्या काळचे कागद मात्र वेगळेच सांगतात.

त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हतेच. ग्रहणाचे निरीक्षण करायला गुंटूरला झान्सेन आणि टेनंट, मच्छलीपट्टणला पॉग्सन, विजापूरला हेग, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. सूर्यज्वालांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्याचे हर्शेल यांनी रॉयल सोसायटीला कळवले. नारिंगी रेषा त्यांना सोडियमच्या ‘डी’ रेषेच्या जागीच वाटली.

लॉकियर यांचे निरीक्षण 20 ऑक्टोबरचे, तेही इंग्लंडमधले आणि ग्रहण नसतानाचे. त्यांचे निवेदन आणि झान्सेन यांचे भारतातून गेलेले पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, 26 ऑक्टोबरला आले. सोडियमच्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर असतात. हर्शेल यांना नारिंगी दिसलेली ही पिवळी रेषा मात्र 587.6वर. एवढ्याशा फरकावरून हेलियम या नव्या मूलद्रव्याचा तर्क उभा राहिला आणि 1895मध्ये रॅम्से यांना ते पृथ्वीवरच्या खनिजात सापडले.

ही रेषा आजही रोजच्या कामाची आहे. नवा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, दिसला की आधी त्याचा वर्णपट घेतात. हायड्रोजन असेल तर दुसरा प्रकार, नसेल तर पहिला, ही विभागणी मिन्कोव्स्की यांची, 1941ची. पहिल्या प्रकारात सिलिकॉनची ठळक खूण दिसली तर ‘वन-ए’. ती नसून हेलियम दिसला तर ‘वन-बी’. स्फोटाचे कवच सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने आपल्याकडे झेपावत असल्याने 587.6ची रेषा निळ्या बाजूला सरकते आणि रुंद, काळी खाच होऊन उमटते. शेजारच्या सोडियमशी तिची गल्लत होण्याची भीती आजही आहे. जमखंडीत हर्शेल यांना पडलेला पेच किती खरा होता, ते यावरून कळावे.

मग ओटे कोणाचे? लॉकियर यांच्या ‘रिसेंट अँड कमिंग एक्लिप्सेस’च्या 1900च्या आवृत्तीत विजयदुर्गच्या छावणीची हकिकत आहे, पण ती 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाची. ‘मेल्पोमीनी’ युद्धनौकेवरचे नौसैनिक तेव्हा त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन जेऊरला गेले होते. त्यांचा अहवाल 1902मध्ये छापला गेला. ओटे 1898च्या मोहिमेचे असावेत आणि तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एक झाली असावीत, असा माझा निष्कर्ष आहे.

विजयदुर्गाचा मान याने कमी होत नाही. हेलियम दिन खुशाल साजरा व्हावा. फक्त किल्ला दाखवताना 22 जानेवारी 1898 ही तारीख सांगावी आणि जमखंडीच्या हर्शेल यांचेही नाव घ्यावे.