घोडा विकत मिळतो, पिढी मिळत नाही

यंदाच्या चवथीला भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला होता. आरती आटोपली की हा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायचा. "काय रे, एवढे काय बघतोस?" म्हणून विचारले तर म्हणाला, "मामा, घोडे पाळतोय." त्याच्या खेळात घोड्यांची पैदास करायची असते. प्रत्येक घोड्याला दोन आकडे असतात, एक पिढीचा आणि एक प्रतीचा. पठ्ठ्याने साठवलेली सगळी नाणी घालून पाचव्या पिढीचा एक उत्तम घोडा विकत घेतला आणि तो घरच्या पहिल्या पिढीच्या साध्या घोडीला लावला. शिंगरू निघाले ते अगदी बेताचे, आणि खेळाने त्याची गणना दुसऱ्या पिढीत केली. "मामा, फसवले मला! एवढा महाग घोडा आणि त्याचे शिंगरू असे?"

मी म्हटले, "बाबा, तुझ्याआधी मोठमोठे राजे याच ठिकाणी अडले आहेत. आणि त्यांचे घोडे आपल्या गोव्यातूनच गेले होते."

तो खेळात परत गेला, पण माझ्या डोक्यातून घोडे काही जाईनात. म्हणून हा लेख.

गोव्याचा इतिहास म्हटला की आपल्याला मसाले आठवतात. पण १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा या बंदराचे एक मोठे मोल घोड्यांमुळे होते. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातल्या होर्मुझहून जहाजे भरभरून घोडे येत, घाट चढून विजयनगर आणि विजापूरच्या पागांत जात. पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजे गोव्यालाच लागली पाहिजेत असा दंडक घातला आणि त्यांवरच्या जकातीने तिजोरी भरली. घोडा कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे त्यांचे राजकारणातले शस्त्रच झाले. १५४७ साली विजयनगरशी तह झाला, त्यात गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच मिळावेत, आदिलशहाला नव्हे, असे कलम होते.

विजयनगरात राहिलेला पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नांव नुनीश याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे की राजा दरवर्षी होर्मुझचे आणि देशी मिळून तेरा हजार घोडे विकत घेई. आकडा फुगवलेला असेलही. पण त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस साळुव नरसिंह राजा व्यापाऱ्यांना मेलेल्या घोड्याचेही पैसे देत असे. समुद्रात घोडा मेला तर त्याची शेपटी आणून दाखवायची, जिवंत घोड्याइतकीच किंमत हातावर पडे!

शेपटीला किंमत देणारा राजा मूर्ख नव्हता. घोडदळावाचून राज्य टिकत नव्हते आणि घोडे तर दरसाल कमी पडत. मग ते घरीच का वाढवले नाहीत? याचे उत्तर काही अंशी मार्को पोलोच्या वृत्तांतात सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावरच्या तमिळ मुलखाबद्दल तो सांगतो की तिथे जातिवंत घोडा जातिवंत घोडीला लावला तरी शिंगरू खुजे, वाकड्या पायांचे निपजते. हवा दमट, घोड्याला मानवेल असे गवत नाही, आणि चाऱ्याच्या नावाखाली शिजवलेला भात. म्हणजे रक्त चांगले असले तरी ते पोसणारी जमीन हवी. ती नसली की पुढची पिढी खाली घसरते आणि राजाला पुन्हा बंदराकडे पाहावे लागते.

पण हवा-पाणी हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे इंग्लंडात सापडते.

इंग्रजांनीही सुरुवात विकत घेण्यापासूनच केली होती. १६१६ साली पहिल्या जेम्स राजाने मार्कम नावाच्या माणसाकडून एक अरबी घोडा घेतला, पण शर्यतीत तो काही चमकला नाही. मात्र पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत आणलेल्या तीन घोड्यांनी जगातल्या शर्यतींचा इतिहास घडवला. बायर्ली टर्क, १७०४ साली अलेप्पोहून आलेला डार्ली अरेबियन, आणि पंचवीसेक वर्षांनी आलेला गोडॉल्फिन अरेबियन. गंमत म्हणजे यांची कीर्ती स्वतःच्या धावण्यासाठी नाही. ती त्यांच्या पणतू-खापरपणतूंमुळे आहे.

१७६४ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला एक्लिप्स हा घोडा अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. त्याची वंशावळ पाहा. बापाच्या बाजूने चौथ्या पिढीत डार्ली अरेबियन, आणि आईच्या बाजूने तिसऱ्या पिढीत गोडॉल्फिन अरेबियन. म्हणजे एका विकतच्या घोड्याचे हे यश नव्हते. दोन चांगल्या ओळी पिढ्यान् पिढ्या चढत आल्या आणि साधारण एकाच उंचीवर येऊन भेटल्या. भाच्याचे चुकले ते इथेच. हिशेब सोपा आहे. चांगल्या रक्ताचे शिंगरू साध्या घोडीपासून झाले तर त्यात ते रक्त निम्मे. त्या शिंगराला पुन्हा साधाच जोडीदार दिला तर पाव, मग अष्टमांश. उलट दर पिढीला जोडीदार चांगला मिळाला तर निम्म्याचे पाऊण होते, पाऊणचे सात अष्टमांश. शिडी तीच, चढायची की उतरायची हे जोडीवर ठरते.

या जोड्या जुळवायच्या तर कोण कोणाचे हे ठाऊक हवे. म्हणून १७९१ साली जेम्स वेदरबी याने 'जनरल स्टड बुक'ची पहिली, प्रास्ताविक आवृत्ती छापली. ही घोड्यांची वंशावळ. तिची मांडणी मोठी विलक्षण आहे. नोंदी घोड्यांच्या नावाने नाहीत, घोड्यांच्या आयांच्या नावाने आहेत. घोडीचे नाव, आणि त्याखाली वर्षावर्षाला तिला झालेली शिंगरे. अरबस्तानातले बदाऊही घोड्याचे कुळ आईवरूनच सांगत आणि आपली चांगली घोडी सहसा विकत नसत. नुनीशच्या हिशेबात किमती आहेत, शेपट्याही आहेत. आईचे नाव मात्र नाही.

नोंदवहीचेही धोके असतातच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासानुसार आजच्या शर्यतीच्या घोड्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांची बापाकडची ओळ एकट्या डार्ली अरेबियनला जाऊन मिळते. एकाच विहिरीचे पाणी किती दिवस पुरणार, ही चिंता पैदासकारांना आहेच.

आपल्याकडे पिढ्या टिकल्याच नाहीत असे मात्र नाही. घाटावर, भीमेच्या कोरड्या खोऱ्यात, भीमथडी तट्टू तयार झाले. दिसायला लहान, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर मैलोन् मैल जाणारे. मराठ्यांच्या घोडदळाने दिल्लीपर्यंत धडक मारली ती अशा घोड्यांच्या पाठीवर. १८१८ साली पेशवाई गेली, शिलेदार घरी बसले, आणि भीमथडीला कोणी विचारीना. ती जगली ती धनगरांच्या वाड्यावर, बिऱ्हाडाचे ओझे वाहत. २०२३-२४ साली तिची देशातली स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. राजांच्या पागा गेल्या आणि मेंढरांमागे चालणाऱ्या घोड्यांनी पिढी राखली.

आणि आपला गोवा? शेकडो वर्षे हजारो घोडे या मातीवरून गेले. १५६५ साली तालिकोटला विजयनगर पडले तसे मोठे गिऱ्हाईक गेले आणि व्यापार ओसरला. गोव्याची म्हणून नोंदलेली घोड्याची जात आज एकही नाही. घोडा उरला तो शिगम्यात, डिचोली-सत्तरीच्या घोडेमोडणीत, कमरेला बांधलेला लाकडी घोडा. तो मात्र बापाकडून लेकाकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

चवथ संपताना भाच्याला आमच्या घरची वंशावळ दाखवली. आजोबांनी मोडीवरून देवनागरीत उतरवलेली, चौदा पिढ्यांची. त्याने ती वरपासून खालपर्यंत नीट वाचली आणि विचारले, "मामा, यात आईचे नाव कुठेच नाही. मग हिशेब कसा लावायचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मी थोरल्या आत्येला फोन लावला आणि आजीच्या आईचे नाव विचारून घेतले. तिच्या आईचे नाव आत्येलाही आठवले नाही.