घरी न्या, सेवा करा

परभणीहून औंढा नागनाथाच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला वाटेत जवळा बाजार लागते. ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, तेथे आसपासच्या खेड्यांतील माणसे कापडचोपड, बी-बियाणे आणि औषधपाणी अशा नाना निमित्तांनी यावीत हे स्वाभाविकच आहे. आणि जवळच्या औषधाने जेव्हा भागत नाही, तेव्हा हीच माणसे परभणीला, नांदेडला, संभाजीनगरला आणि सरतेशेवटी देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसून मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जातात. त्या वाटेने परत येणाऱ्यांपैकी काहींच्या पिशवीत तपासण्यांच्या चिठ्ठ्या असतात, आणि चिठ्ठीवर नसलेले परंतु घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ झालेले एक वाक्य असते: आता घरी न्या, सेवा करा.

या वाक्याचा इतिहास फार जुना आहे, आणि तो सर्वस्वी निर्दयतेचा नाही. चरकसंहितेने रोगांचे साध्य व असाध्य असे विभाग करून असाध्याचेही पुन्हा दोन पोटभेद मानले. ज्यावर कोणताच उपाय चालत नाही तो एक. आणि जो समूळ जाणार नाही, परंतु पथ्याने व औषधाने ज्याला थोपवून धरता येते तो दुसरा, त्याचे नाव याप्य. सुश्रुताने या याप्य रोग्याला दिलेली उपमा मला फार मोलाची वाटते: कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा उभे ठेवतो, तसा योग्य उपचार अशा रोग्याला धरून ठेवतो. पण त्याच परंपरेत वैद्याच्या वृत्तीचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत मैत्री, आर्तांविषयी कारुण्य आणि बरे होण्याजोग्या रोग्याविषयी प्रीती यांच्यानंतर चौथी वृत्ती येते ती उपेक्षेची. आणि ती ज्यांच्याविषयी बाळगावयाची ते मृत्यूकडे निघालेले रोगी, असा अर्थ टीकाकार करतात. तेथे उपेक्षा म्हणजे तटस्थता, व्यर्थ खटाटोपापासून निवृत्ती. मराठीत येईतो तोच शब्द हेळसांड या अर्थाने रूढ झाला, आणि शब्दाच्या या घसरणीबरोबर व्यवहारही घसरला, असे मी म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

वैद्याने हात आखडल्यावर रोगी ज्यांच्या हाती येई, ते घर मात्र रिकाम्या हातांचे नव्हते. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिचे पाणी तुळशीपत्रासह मुखात घालावे, अखेरच्या घटकेला माणसाला खाटेवरून उतरवून जमिनीवर घ्यावे, उशाशी नामस्मरण चालू ठेवावे, भजनकऱ्यांनी ओसरीवर बसावे, शेजारच्या बायकांनी भाकरी करून आणाव्यात, हे सारे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्याला मरणाऱ्याजवळ बसणे कोणी शिकवावे लागले नाही. औंढ्याला विसोबा खेचरांची आणि नर्सीला नामदेवांची आठवण ठेवणारा हा मुलूख नामाचा आधार घेऊन जगला आणि मेला. परंतु हे बळ अखेरच्या एका-दोन रात्रींचे होते. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने जी वेदना सहा-सहा महिने चालते, जखमेला जी दुर्गंधी येते, अंथरुणाला खिळलेल्या पाठीवर जे व्रण पडतात, त्यांच्यापुढे हळद आणि नाम या दोहोंच्याही मर्यादा उघड्या पडत, आणि उंबऱ्याशी बसणारे शेजारी हळूहळू येईनासे होत.

वेदनेचे शास्त्र या प्रदेशाच्या राज्यकर्त्यांना अपरिचित होते असे मात्र नाही. हा सारा मुलूख निजामाच्या रियासतीत होता, आणि त्याच रियासतीच्या राजधानीत, एडवर्ड लॉरी या रेसिडेन्सी सर्जनच्या आग्रहावरून, क्लोरोफॉर्मने माणूस का दगावतो याचा शोध घेण्यासाठी १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने एक हजार पौंड खर्चास मंजूर केले आणि विलायतेहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. साऱ्या जगाच्या वैद्यकात हैदराबादचे नाव त्यामुळे गाजले. तथापि ही काळजी शस्त्राखाली असणाऱ्या रोग्याच्या घटका-दोन घटकांची होती. ज्याच्यावर शस्त्र चालविण्यात आता काहीच हशील नव्हते, त्याच्या वेदनेसाठी कोणत्याही दप्तरात तरतूद नव्हती. त्याच्यापाशी होती ती अफूची गोळी. अफूची विक्री तेव्हा सरकारी परवान्याने होत असे. म्हातारी माणसे ती सांधेदुखीसाठी घेत आणि कष्टकरी आया, न व्हावे असे असूनही, ती रडत्या मुलांना चाटवीत. तोंडावाटे अफू घेण्याची ही मुभा स्वतंत्र भारताने टप्प्याटप्प्याने आवळून १९५९ साली बंद केली. निर्णय रास्त होता. परंतु गेलेल्या गोळीच्या जागी आर्तांना काय मिळणार, या प्रश्नाचे उत्तर देण्यास आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली.

उत्तर शोधण्याचा मार्ग धर्मशाळेतून गेला, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. युरोपात ‘हॉस्पिस’ म्हणजे यात्रेकरूंचा विसावा, आपल्याकडील धर्मशाळेचाच सहोदर. १८४२ साली लिऑन येथे जान गार्निए हिने आणि १८७९ साली डब्लिन येथे आयरिश भगिनींनी मरणासन्नांसाठी घरे उघडली. कलकत्त्यात १९५२ साली मदर तेरेसा यांनी कालीघाटच्या मंदिरालगतच्या यात्रेकरूंच्या विश्रामगृहातच निर्मल हृदय सुरू केले. आपल्याकडे गाडगेबाबांनी देवाच्या दारी धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही बांधली, कारण खेड्यातून आजारी माणूस घेऊन आलेल्या नातलगाला पाठ टेकायला जागा नसते, हे त्या निरक्षर महापुरुषाच्या ध्यानी फार लवकर आले होते. त्यांच्या मागे त्यांच्या मिशनने दादरला उभारलेल्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रोगी उतरतात, आणि मराठवाड्याच्या कितीतरी घरांना मुंबई आठवते ती या धर्मशाळेच्या जिन्यांवरून आणि सामाईक चुलींवरून.

विसावा होता, विद्या मात्र अजून यायची होती. ती आणली सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंनी, ज्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि अखेर डॉक्टर अशा तीनही पायऱ्यांनी रोग्याच्या खाटेपाशी आल्या. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा, पोलंडमधून आलेला एकाकी ज्यू कामगार कर्करोगाने मरत असता त्या त्याच्याशी बोलत बसत. अशा माणसांसाठी एखादे घर असावे, ही कल्पना त्या दोघांच्या बोलण्यात रुजली, आणि जाताना त्याने त्या घराच्या एका खिडकीसाठी म्हणून पाचशे पौंड त्यांच्या हवाली केले. ती खिडकी ज्यात बसली ते सेंट ख्रिस्तोफर्स हे घर उभे राहायला १९६७ साल उजाडले. मधल्या काळात सॉन्डर्सबाईंनी काय केले, तर रोग्यांचे बोलणे ऐकले, त्याच्या ध्वनिफिती केल्या, टिपणे ठेवली, आणि त्या ऐकण्यातून दोन गोष्टी सिद्ध केल्या: वेदना डोके वर काढण्याची वाट न पाहता मॉर्फिन घड्याळाच्या काट्याप्रमाणे ठरल्या वेळी दिले, तर रोगी झापडीत पडत नाही आणि व्यसनीही होत नाही, आणि माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसून त्यात मुलीच्या लग्नाची चिंता, डोईवरचे कर्ज आणि देवाशी राहिलेले भांडण हेही मिसळलेले असते. आपल्या भाषेत रोग्याच्या सेवेला शुश्रूषा म्हणतात. हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा एवढाच आहे. लंडनला जे शास्त्र म्हणून नव्याने मांडले गेले, ते आपण या एका शब्दात जपून ठेवले होते. मात्र त्याचा अर्थ आपण विसरलो होतो.

महाराष्ट्रात ही विद्या आली ती कर्करोगाच्याच रुग्णालयातून. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्या दुःखातून जन्मलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. तेथील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, शांती अवेदना सदन उघडले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. धर्म, जात वा ऐपत न विचारता, जगातील कोणत्याही रुग्णालयाने ज्यांना आता काही उरले नाही असे सांगितले, त्यांच्यासाठी तेथे काही उरलेले असे: स्वच्छ चादर, बांधलेली जखम, वेळेवरचे औषध आणि समुद्राचा वारा. पुढे गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा झाली. १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्ला कंपनीच्या प्रतिष्ठानाने विनामूल्य केंद्र काढले, आणि तेथे नातलगाने रोग्याजवळच राहावे असा प्रघात पडला. कारण घरी परतल्यावर कूस बदलणे, मुख स्वच्छ करणे, नळीवाटे अन्न भरविणे हे त्यालाच करावयाचे असते. ‘सेवा करा’ या आज्ञेला जोडून ‘ती अशी करा’ हे सांगणारे कोणीतरी या राज्यात प्रथमच निर्माण झाले होते.

ज्या वर्षी वांद्र्याचे सदन उघडले, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर औषधांच्या तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, आणि तिच्या माथ्यावर मॉर्फिन ठेवले. दुर्दैव असे की त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ साली, अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आपल्याकडे जारी झाला होता. गुन्हेगाराला जरब बसावी हा त्याचा हेतू होता. परंतु परवान्यांचे जंजाळ आणि किमान दहा वर्षांच्या कैदेचे भय यांमुळे औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले, आणि पुढील बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून १९९७ साली साऱ्या देशात अवघ्या १८ किलोंवर आला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकविणारा, ती परदेशांना विकणारा हा देश. आणि त्याच देशातली माणसे तिच्या एका कणावाचून रात्रभर कण्हत. कोणाच्याही मनात क्रौर्य नसताना केवळ कागदाने इतके क्रौर्य घडावे, याची खंत मला त्या कायद्याच्या कोणत्याही समर्थनाने कमी करता आलेली नाही. त्यात सुधारणा व्हायला २०१४ साल यावे लागले.

या सेवेची निकड मराठवाड्याला किती आहे, हे आकड्यांनीही दाखविले आहे. १९८७ साली बार्शीला भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या क्षेत्रात परंडा व भूम हे आमचेच तालुके होते. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेऊन झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, गर्भाशयमुखाची विषाणूसाठीची एक तपासणी वेळेवर झाली तरी बळावलेला रोग आणि मृत्यू दोन्ही पुष्कळच कमी होतात. म्हणजे ज्यांची तपासणी झाली नाही त्या आमच्या आयाबहिणी रुग्णालयात पोहोचतात तेव्हा रोग बळावलेला असतो; आणि त्यांना वाचविता आले नाही, तरी वेदनामुक्त ठेवण्याचे ऋण समाजाच्या माथी उरतेच.

सेवा ही भावना नसून कौशल्य आहे, याचा दाखला शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, सांभाळले. न बोलणाऱ्या माणसाला काय आवडते, कोणता घास रुचतो, हे पाळ्यांमागून पाळ्यांनी एकमेकींना सांगत नेले. शुश्रूषेचा मूळ अर्थ याहून स्पष्टपणे कोणी जगून दाखविल्याचे मला ठाऊक नाही.

मुंबई-पुण्याची ही विद्या खेड्यात कशी न्यावी, हे शिकविले केरळने. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लहानसे केंद्र काढले. पुढे शिक्षक, रिक्षावाले, शेतमजूर, महाविद्यालयीन मुले यांनी आठवड्याचे दोन-चार तास देण्याचे कबूल करून गावोगाव मंडळे स्थापली, आणि परिचारिकेच्या गाडीत औषधांशेजारी शेजाऱ्यालाही जागा मिळाली. २००८ साली त्या राज्याने याविषयीचे धोरणच ठरविले. महाराष्ट्राने २०१२ साली तेच केले. त्याच वर्षी राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कामांच्या यादीत ही सेवा दाखल झाली. हुकूम निघाला की अंमलबजावणी झाली असे आमच्या मुलुखात कधीच झालेले नाही, निजामाच्या राज्यात नाही आणि त्यानंतरही नाही. तथापि घरोघर फिरणारी आशाताई आहे, ओसरीवर बसणारे भजनी मंडळ आहे, भाकरी घेऊन येणारी शेजारीण आहे. केरळला जे मनुष्यबळ नव्याने जमवावे लागले, त्यातले पुष्कळ जवळा बाजारसारख्या गावी जुन्याच नात्यांनी उभे आहे. त्याला दोन-तीन गोष्टी तेवढ्या शिकवावयाच्या आहेत.

त्या गोष्टी अवघड नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलावी. दुर्गंधी येणाऱ्या जखमेवर, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकावी. वास गेला की नातवंडे पुन्हा खाटेजवळ येऊन बसतात. मॉर्फिनबरोबर पोट साफ राहण्याचे औषध न चुकता द्यावे. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यावयाची असते. तिच्या वेळा कालनिर्णयाच्या कडेला सुनेला लिहून द्याव्या लागतात, म्हणजे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा, रात्री दहा. पहाटे दोनची गोळी मात्र या विद्येच्या जाणत्यांनी मुद्दामच वगळलेली आहे. तिच्याऐवजी डॉक्टर रात्री दहाला दुप्पट मात्रा ठरवून देतात, म्हणजे रोग्याला झोप लागते, आणि दिवसभर त्याचे करून थकलेल्या त्या बाईलाही.