एक्सस्टॅट

एक्सस्टॅट हे खोल जखमेतून होणारा तीव्र रक्तस्राव तात्पुरता थांबवण्यासाठी वापरले जाणारे वैद्यकीय उपकरण आहे. सुईविरहित मोठ्या पिचकारीसारख्या या साधनातून दाबून बसवलेले लहान स्पंज थेट जखमेच्या पोकळीत सोडले जातात. रक्ताच्या स्पर्शाने ते फुगतात आणि आतून दाब निर्माण करून रक्तस्राव रोखतात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील रेव्हमेडएक्स या कंपनीने ते विकसित केले.

पार्श्वभूमी

हात किंवा पाय यांच्या जखमेतून रक्त वाहत असल्यास जखमेच्या वरच्या बाजूस टुर्निकेट, म्हणजे घट्ट आवळता येणारा पट्टा, बांधून रक्तप्रवाह थांबवता येतो. जांघ आणि काख येथे मात्र अवयव धडाला जोडलेला असल्याने असा पट्टा बांधण्यास जागाच नसते. या भागांतून मोठ्या रक्तवाहिन्या जात असल्याने त्यांना इजा झाल्यास थोड्या मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी जखमेत रक्त गोठवणारे गॉझ कापड खोलवर भरून त्यावर काही मिनिटे हाताने सतत दाब देणे, हा प्रचलित उपाय आहे. परंतु जखमेचे तोंड अरुंद आणि मार्ग खोल असल्यास, किंवा रणांगणावर जखमीला लगेच हलवावे लागत असल्यास, हा उपाय अवघड ठरतो.

विकास

अमेरिकी सैन्याच्या विशेष दलात वैद्यकीय सैनिक म्हणून काम केलेले जॉन स्टाइनबॉ यांचा या उपकरणाच्या विकासात सहभाग होता. पंक्चर झालेल्या टायरमध्ये भरल्या जाणाऱ्या फेसाप्रमाणे जखमेत फेस भरावा, अशी मूळ कल्पना होती. मात्र वाहत्या रक्ताच्या दाबाने फेस बाहेर फेकला जात असे. त्यानंतर साध्या स्पंजचे लहान तुकडे करून प्रयोग करण्यात आले आणि ते परिणामकारक ठरले.

रचना व कार्य

प्रत्येक स्पंज सेल्युलोजचा असून त्यावर कायटोसान या पदार्थाचा लेप असतो. कवचधारी जलचरांच्या कवचापासून मिळणारा कायटोसान रक्त गोठण्यास मदत करतो. गोळीच्या आकाराच्या स्पंजचा व्यास ९.८ मिलिमीटर आणि उंची ४ ते ५ मिलिमीटर असते. एक स्पंज सुमारे ३ मिलिलिटर द्रव शोषतो. त्यामुळे ९२ स्पंज असलेली एक पिचकारी सुमारे ३०० मिलिलिटर द्रव शोषू शकते. स्पंज साधारण २० सेकंदांत फुगून पोकळी भरतात. रक्तस्राव थांबण्यामागे कायटोसानबरोबरच आतून पडणारा हा दाबही महत्त्वाचा असतो. जखमेच्या आकारानुसार एका रुग्णासाठी तीनपर्यंत पिचकाऱ्या वापरता येतात.

मान्यता व वापर

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये रणांगणावरील वापरासाठी, तर डिसेंबर २०१५ मध्ये प्रौढ व किशोरवयीन नागरी रुग्णांसाठी एक्सस्टॅटला परवानगी दिली. अमेरिकी सैन्याच्या शल्यचिकित्सा पथकाने केलेला युद्धक्षेत्रातील पहिला वापर २०१६ मध्ये नोंदवला गेला. मांडीला गोळी लागलेल्या या रुग्णाचा रक्तस्राव दीर्घ शस्त्रक्रियेनंतरही थांबत नव्हता. स्पंज भरल्यावर तो आटोक्यात आला.

मर्यादा

एक्सस्टॅट हा उपचार नसून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळवून देणारा उपाय आहे. त्याचा वापर अधिकाधिक चार तासांसाठी आणि काही मिनिटांत रुग्णालय गाठणे शक्य नसेल अशाच स्थितीत अपेक्षित आहे. छाती, उदर आणि गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागातील जखमांसाठी त्यास परवानगी नाही. हे स्पंज शरीरात विरघळत नाहीत. म्हणून जखम शिवण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला प्रत्येक स्पंज बाहेर काढावा लागतो. एखादा आत राहिल्यास तो शोधता यावा, यासाठी प्रत्येक स्पंजमध्ये क्ष-किरण चित्रात दिसणारी खूण असते. फुटलेली रक्तवाहिनी जोडण्याचे काम मात्र शस्त्रक्रियेनेच होते.