पावाची भट्टी आणि इंधनाचा वारसा

जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या प्रदूषित हवेवरच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तेव्हापासून जुन्या इराणी बेकऱ्यांपासून गल्लीबोळातल्या लादी पावाच्या भट्ट्यांपर्यंत एकच हळहळ ऐकू येते: लाकूड गेलं की पावाची चव जाणार आणि त्याबरोबर शंभर वर्षांचा वारसाही जाणार. ही हळहळ खोटी नाही. पण या धंद्याचा इतिहास नीट पाहिला तर जपण्यासारखं जे आहे ते भट्टीच्या विटांत, पीठ आंबवण्याच्या रीतीत आणि कारागिराच्या हातात आहे. भट्टीच्या पोटात काय जळतं, ते मात्र काळाप्रमाणे बदलत आलं आहे. म्हणून भट्टी राहू द्यावी, लाकूड जाऊ द्यावं, आणि या बदलाचा खर्च एकट्या बेकरीवाल्याच्या माथी मारू नये, असं माझं मत आहे.

पाव आपल्याकडे आला तो पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात, आणि रुजला तो गोव्यातल्या सासष्टीसारख्या भागात. तिथल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली. एकोणिसाव्या शतकात गोवेकर मुंबईत कामधंद्याला आले, त्यांच्याबरोबर ही विद्याही आली. पुढे इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी चहा, ब्रुन पाव आणि मस्क्याची दुकानं थाटली. कयानी १९०४ ची, मेरवान १९१४ ची. आज भट्टीसमोर उभे असलेले बरेचसे कारागीर उत्तर भारतातून आलेले आहेत. या सगळ्या प्रवासात माणसं बदलली, गिऱ्हाईक बदललं, आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे आंबवणही बदललं. ताडी-माडी मागे पडून तिची जागा तयार यीस्टने घेतली. पावाच्या वासावर, आतल्या जाळीवर आणि किंचित आंबूस चवीवर आंबवणाइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही. तरीही १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर वडा पावात जाऊन बसला तेव्हा तो पाव मुंबईचाच होता. आंबवण बदलूनही ज्याची ओळख पुसली गेली नाही, ती इंधन बदलल्याने पुसली जाईल हे पटणं कठीण आहे.

भट्टी चालते कशी, हे पाहिलं म्हणजे मुद्दा आणखी स्पष्ट होतो. जुन्या पद्धतीची भट्टी म्हणजे विटांची बुटकी कमान, खाली फरशी आणि समोर हात-दीड हाताचं तोंड. आत लाकूड पेटवून कमान आणि फरशी तासन् तास तापवायची, मग निखारे ओढून काढायचे किंवा एका बाजूला सारायचे आणि ओल्या फडक्याने फरशी पुसायची. चिमूटभर मैदा आत टाकून तो किती वेळात करपतो, यावरून आच जोखायची. उतरली असेल तर पुन्हा जाळ, चढली असेल तर तोंड उघडं ठेवायचं. त्यानंतर लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने लादीचे ट्रे आत सरकतात. म्हणजे पाव भाजतो तेव्हा मुख्य जाळ होऊन गेलेला असतो. पावाला वरून तांबूस पापुद्रा देते ती कमानीतून उतरणारी उष्णता, विटांनी धरून ठेवलेली. वीट तापली की ती लाकडाने तापली की गॅसने, हे तिला माहीत नसतं. पातळ पत्र्याच्या ओव्हनमधला पाव वेगळा लागतो ही तक्रार मला मान्य आहे, पण ती विटा गेल्याची तक्रार आहे. लाकूड आणि वीट या दोन गोष्टी आपण इतकी वर्षं एकत्र पाहिल्या की एकीचं श्रेय दुसरीला देऊन बसलो.

शिवाय ज्या लाकडाची बाजू घेतली जाते ते लाकूड तरी कुठलं? एके काळी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रानातून तोडलेलं सरपण मुंबईच्या वखारींत येई. पूर्व किनाऱ्यावरची लकडी बंदर आणि कोळसा बंदर ही नावं त्या व्यापाराची साक्ष देतात. कोळसा पाडण्याचं काम मुख्यतः कातकऱ्यांच्या वाट्याला आलं. उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब रानात जायचं, लाकूड रचून मातीने लिंपायचं, धुरात दिवस काढायचे, आणि हंगाम संपला तरी उचल फिटायची नाही. शहरातल्या निखाऱ्याची ही किंमत वारशाच्या गप्पांत कधी निघत नाही, ती निघायला हवी. आज बेकऱ्यांत जळतं त्यात पाडलेल्या इमारतींच्या चौकटी, मोडकं फर्निचर, खोकी आणि प्लायवूडचे तुकडे असं भंगार लाकूड भरपूर असतं. प्लायवूड फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनने चिकटवलेलं असतं. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. हे भट्टीत जातं ते केवळ स्वस्त म्हणून. पावाचा भाव वाढवला की गिऱ्हाईक तुटतं, त्यामुळे बेकरीवाल्याने स्वस्तातला मार्ग धरला. त्याचा नाइलाज समजण्यासारखा आहे, पण नाइलाजाला परंपरा म्हणता येत नाही.

चवीचा आक्षेप एका ठिकाणी मात्र खरा ठरतो, तो म्हणजे सीख कबाबाची सिगडी. तिथे मांस निखाऱ्यावरच भाजतं, चरबी टपटपते, जळते आणि तिचा धूर उलटून मांसाला लागतो. चांगल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतो, कारण लाकडातली वासाची द्रव्यं कोळसा पाडतानाच उडून गेलेली असतात. खमंगपणा येतो तो चरबीच्या धुरातून. गॅसच्या जाळावर तापलेली लोखंडी पट्टी किंवा दगड ठेवला तरी त्यातला बराचसा मिळतो, सगळा नाही. म्हणून सिगडी आणि पावाची भट्टी यांना एका मापाने मोजू नये. सिगडीवाल्याचं थोडं नुकसान होईल हे प्रामाणिकपणे सांगावं, आणि त्याच्या आडून पावाच्या भट्टीने सवलत मागू नये.

दुसरा आक्षेप असा की मुंबईच्या हवेत धूळ उडते ती बांधकामांची आणि रस्त्यांची, धूर असतो तो वाहनांचा. मग बेकरीच्याच मागे का लागायचं? बांधकामांवर आणि वाहनांवर कडक कारवाई हवीच. पण बेकरीचं धुराडं दाट वस्तीत, शेजारच्या खिडक्यांच्या उंचीवर असतं, आणि भट्टी पेटते ती रात्री, लोक झोपलेले असताना. सगळ्यांत जास्त धूर जातो तो तोंडासमोर उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत. शहराच्या एकूण आकड्यात हा धूर लहान दिसला तरी त्या माणसाच्या आयुष्यात तो लहान नाही. माझ्या लेखी गॅसच्या बाजूचा हाच सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

राहिला खर्च, आणि इथे बेकरीवाल्याचं म्हणणं ऐकायलाच हवं. एक किलो एलपीजीमध्ये साधारण तीन किलो सुक्या लाकडाइतकी उष्णता असते, तरी भंगार लाकडापुढे गॅस महागच पडतो. त्यात भट्टी थंड करून बर्नर बसवायचा तर धंदा काही दिवस बंद. इंधन बदलणं या शहराला नवं नाही. १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा आला, पण गिरण्यांनी वाफेची इंजिनं सोडायला सुरुवात केली ती १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची जलविद्युत सुरू झाल्यावर. कायद्याइतकंच काम पुरवठ्याने केलं. मुंबईबाहेरही असंच घडलं. ताजमहालाच्या परिसरासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूवर जा किंवा इथून हला, असं सांगितलं. त्याच परिसरातल्या फिरोजाबादच्या काचवाल्यांनी सुरुवातीला कोळशाच्याच जुन्या भट्ट्यांत गॅसचे बर्नर बसवले आणि गॅस वाया गेला. पुढे टेरी या संस्थेने वाया जाणारी उष्णता परत वापरणारी भट्टी तयार केली तेव्हा हिशेब जमू लागला. मुंबईला यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. पाइपचा गॅस आधी बेकरीच्या दारापर्यंत पोहोचला पाहिजे, विटांच्या कमानीत बसेल असा बर्नर तंत्रज्ञांनी करून दिला पाहिजे, आणि जोडणीसाठी स्वस्त कर्ज मिळालं पाहिजे. नुसत्या नोटिसा निघाल्या तर छोट्या भट्ट्या बंद पडतील आणि शहरभर कारखान्यातला प्लास्टिकमध्ये बांधलेला पाव येईल. मग विटाही गेल्या आणि कारागीरही गेले.

पाव खाणाऱ्यांनीही यात आपला वाटा उचलावा. आपल्या गल्लीतल्या भट्टीने लाकूड सोडलं आणि लादीमागे दोन-चार रुपये जास्त मागितले, तर घासाघीस न करता ते द्यावेत.