खोट्या हाकेची कुळकथा

हालचाल टिपणारा सेन्सर चोर पकडण्यासाठी जन्माला आला, असं आपण धरून चालतो. त्याची कुळकथा तपासली तर ते तितकंसं खरं नाही. चोर आल्यावर घंटा वाजवणं ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच सुटली होती. चोर आलेला नसताना गप्प बसणं मात्र यंत्राला पुढं शंभरावर वर्षं शिकवावं लागलं, आणि आज दुकानात मिळणारं जवळजवळ प्रत्येक तंत्र या दुसऱ्या अडचणीशी झटत घडलेलं आहे. ‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या पोराकडे गावानं पाठ फिरवली, तशीच तिसऱ्यांदा उगाच वाजलेल्या भोंग्याकडे शेजारीपाजारी फिरवतात. मुंबईजवळच्या वांगणीत हा प्रश्न पुस्तकी नाही. पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे जाणाऱ्या चाकरमान्यांची घरं दिवसभर कुलपात असतात, आणि पोलिसांच्या भाषेतली ‘दिवसा घरफोडी’ अशाच घरांत होते. भोंगा वाजला तर धावून येणारा माणूस म्हणजे शेजारी. त्याचा विश्वास गेला की ते यंत्र नुसतं भिंतीवर टांगलेलं.

१८५३ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी दाराखिडक्यांना तारा जोडून विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार उघडलं की विजेचा मार्ग पूर्ण व्हायचा, चुंबक हातोडी खेचायचा आणि घंटा वाजायची. एडविन होम्स यांनी १८५७ मध्ये ते पेटंट विकत घेऊन त्याचा धंदा उभा केला. आज अंबरनाथ-बदलापूरकडच्या दुकानांच्या शटरला बसवतात तो चुंबकाचा तुकडा याच घराण्यातला. हा सेन्सर क्वचितच खोटं बोलतो, कारण त्याला एकच गोष्ट कळते: दार उघडं की बंद. मात्र पत्रा उचकटून वरून उतरणारा चोर त्याच्या हिशेबात नसतो. म्हणून दाराऐवजी सगळी खोलीच राखणीला लावण्याची कल्पना पुढं आली, आणि खोट्या हाकांची खरी सुरुवात तिथून झाली.

खोली राखायची तर तिच्यात काहीतरी भरून ठेवायला हवं. पहिल्यांदा भरला तो आवाज. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलं की लहरींचा उगम जवळ येत असेल तर लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात. १८४५ मध्ये बाइस बालो यांनी हॉलंडमध्ये आगगाडीवर वादक बसवून आणि रुळांकडेला कान तयार असलेले संगीतकार उभे करून ते पडताळलं. वांगणी स्थानकात न थांबणारी एक्सप्रेस भोंगा वाजवत निघून जाते तेव्हा हा प्रयोग रोजच ऐकू येतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत सॅम्युअल बॅग्नो यांनी हेच तत्त्व चोरघंटेला लावलं: माणसाला ऐकू न येणारा आवाज खोलीत सोडायचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीत फरक पडतो का पाहायचं. समजा ४०,००० हर्ट्झचा आवाज सोडला आणि माणूस सेकंदाला एक मीटर या चालीनं समोरून आला, तर प्रतिध्वनीत सुमारे २३० हर्ट्झचा फरक पडतो. तो मोजणं अवघड नाही. पण आवाज हवेतून जातो, आणि हवा स्वतःच हलते. फडफडता पडदा, फिरता पंखा, गरम हवेचा झोत, सगळेच चोर ठरू लागले. घरांच्या चोरघंटांतून हे तंत्र बहुतेक हद्दपार झालं, गाड्यांत उरलं. गंमत अशी की ते दुसऱ्या वाटेनं पुन्हा आलं: आयआयटी दिल्लीत घडलेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन ही काठी प्रतिध्वनीवरूनच गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखते. ज्या वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबं राहतात, तिथं या तंत्राला मोडीत काढणं बरं नव्हे. काठीनं चुकून इशारा दिला तर पाऊल क्षणभर थबकतं, एवढंच. भोंग्याच्या चुकीनं अख्खी चाळ जागी होते. एकच तंत्र एका जागी गुणी आणि दुसऱ्या जागी निकामी ठरतं, ते चुकीची किंमत किती यावर.

हवेचा हा त्रास सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्ह) टाळला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. जे. बी. गन यांच्या १९६२ मधल्या शोधामुळं त्या निर्माण करणारा चिमुकला अर्धवाहक हाती आला आणि खोलीत बसवण्याजोगं डॉप्लर रडार शक्य झालं. पण बोस यांच्या प्रयोगात जी करामत होती, तीच चोरघंटेत खोड ठरली. पातळ भिंत आणि काच ओलांडून हे रडार बाहेरच्या बोळातला माणूसही टिपतं. पत्र्यावरून या लहरी परततात, म्हणून गाडी गेल्यावर थरथरणारा पत्रा त्याला चालता माणूस वाटू शकतो. चोकवाल्या ट्यूबलाइटचा वायू आपल्याकडं सेकंदाला १०० वेळा पेटतो-मंदावतो, आणि १०.५ गिगाहर्ट्झच्या सेन्सरला भराभर चालणारा माणूसही साधारण तेवढ्याच हर्ट्झचा फरक दाखवतो. दिव्यालाच चोर समजणारं यंत्र म्हणायचं ते हेच.

मग काहीही न सोडणारा, फक्त टिपणारा सेन्सर आला. आज सर्वाधिक घरांत तोच आहे: पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. त्याची मुळं चोरीपासून फार लांब आहेत. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं लोलकातून उमटलेल्या रंगांत तापमापक ठेवले, आणि तांबड्याच्या पलीकडं, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा जास्त चढला. मुंबईचे आकाशनिरीक्षक अंधारासाठी ज्या वांगणीला येत, तिथल्या घरात हर्शेलचा वारसा खोलीच्या कोपऱ्यात लटकावा हे मजेशीरच. दुसरं मूळ श्रीलंकेत. तिथून डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेलेला टूर्मलीन खडा तापवला की राख ओढून घेई. एपिनुस यांनी १७५६ मध्ये ती वीज असल्याचं दाखवलं. अशा स्फटिकाचा गुण असा की तो उष्णता असण्यानं वीज देत नाही, उष्णता बदलण्यानं देतो. मानवी त्वचा साधारण ९ ते १० मायक्रोमीटरच्या अवरक्त लहरी सोडते. सेन्सरवरच्या पांढुरक्या पॉलिथिनच्या भिंगातून त्या आत जातात. फ्रेनेलनं दीपगृहासाठी योजलेल्या कंगोरेदार भिंगाचाच हा धाकटा भाऊ. तो खोलीचे पट्टे पाडतो. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की स्फटिकावर उष्णता चढते-उतरते. आत असे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. ऊन दोघांवर एकदम पडलं तर त्यांची बेरीज शून्य होते. माणूस मात्र आधी एकावर, मग दुसऱ्यावर उमटतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हुशार युक्ती आहे. खिडकीच्या काचेतून या लहरी जात नाहीत हेही बरंच; बाहेरचा रस्ता आपोआप वगळला जातो.

इथं एक रास्त आक्षेप येतो. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा चाळिशीकडे जातो, पत्र्याखालची खोली आणि माणसाची त्वचा जवळपास सारखीच तापते. मग पीआयआर पाहणार कशातला फरक? हे खरंच आहे, आणि दुर्दैवानं तेच दुपारचे तास दिवसा घरफोडीचेही असतात. चांगल्या सेन्सरमध्ये गरमी वाढली की संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, पण संवेदनशीलता वाढली की खोटी हाकही वाढते. यावर उतारा म्हणून पीआयआर आणि रडार एकाच डबीत आले; हाच जोडसेन्सर. दोघांनी होकार दिला तरच भोंगा. त्यांच्या खोडी वेगळ्या असल्यानं ही जोडी जमते: पत्रा थरथरला तरी त्याची उष्णता बदलत नाही, आणि पीआयआरच्या भिंगावरून गेलेली पाल रडारला फारशी जाणवत नाही. मात्र पीआयआर आडवी चाल चटकन ओळखतो, रडार समोरून येणारी. म्हणून डबी अशा कोपऱ्यात लावावी की आत येणारा तिरपा चालेल. आणि दोघांचा होकार मागितला की एखादा खरा चोर निसटण्याची शक्यता वाढते, हेही विसरू नये. तापलेल्या दुपारी पीआयआर अडखळला तर रडार एकटं काही करू शकत नाही.

कॅमेरे आले, आता सेन्सर कशाला, असंही म्हणतात. १७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्थानकात एका दृष्टिहीन आईच्या हातातून सुटून मूल रुळांवर पडलं, समोरून गाडी येत होती. कॅमेऱ्यानं ते सगळं टिपलं आणि देशानं पाहिलं. पण धावत जाऊन मुलाला फलाटावर उचललं ते पॉइंट्समन मयूर शेळके यांनी. कॅमेरा साक्ष देतो, हाक देत नाही. नवे कॅमेरे हाकही देतात, हे मान्य. तरी लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळं, गाडीचा झोत आणि पाऊस त्यांनाही फसवतात, म्हणजे जुनाच धडा ते नव्यानं गिरवताहेत. शिवाय ज्या घरात पडद्यावर पाहणारं कोणी नाही, तिथं ऐकू येणारा सेन्सरच कामाचा.

म्हणून जिन्यातल्या दिव्याला स्वस्तातला रडार-सेन्सर खुशाल लावावा. दिवा उगाच लागला तर कोणाचं काही बिघडत नाही. शटरला चुंबक, पक्क्या स्लॅबच्या खोलीला पीआयआर, रुळांलगतच्या पत्र्याच्या घराला दारावर चुंबक आणि आत जोडसेन्सर, असा माझा कौल. आणि बसवणाऱ्याला चाचणीसाठी मे महिन्यात भर दुपारी, खिडक्या लावून बोलवा. खोलीत आडवं आणि सरळ असं दोन्ही चालून पाहा. मग सगळ्यांनी बाहेर थांबून शेजारून एक एक्सप्रेस जाऊ द्या, आणि भोंगा गप्प राहिला तरच पैसे द्या.