तगाद्याचे कसब

पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाबद्दल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या दर्जाचा असला, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवी. तोच वरच्या दर्जाचा असला की धनको स्वतः त्याच्या उंबऱ्यावर आडवा होई, दाराशी उपाशी बसे. मग आतल्या माणसालाही उपास घडे. या कामाला भाडोत्री माणसेही लावत. वसुली करणाऱ्याला मनगटापेक्षा पारख अधिक लागे: समोरच्याला लाज कशाची वाटते, गाव कोणाच्या बाजूने बोलेल, कुठवर ताणायचे. मागणी रास्त असेतोवर धरणेकऱ्याला त्रास न देणे हा लोकांच्या इभ्रतीचा प्रश्न होता, असे एल्फिन्स्टन नोंदवतो. वसुलीदाराला लगाम होता तो एवढाच.

ही जुन्या जुलमाची भलामण झाली, असे कोणी म्हणेल. जुलूम होताच, आणि गरिबाच्या वाट्याला उंबरा नव्हे, ऊन येई. देवाच्या कोपाची भीती घालणारे धरणे १८६०च्या दंडसंहितेने गुन्हा ठरवले, ते योग्यच झाले. पण वसुली दिवाणी कोर्टात गेली तशी गावाच्या मताची गरज संपली. आता कसब कर्जाचे खत लिहून घेण्याचे आणि मुदत सांभाळण्याचे. १८५९च्या कायद्याने साध्या खतावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कर्जदार कुळाला वाचवण्याचा, पण सावकार मुदत भरत आली की व्याज मुद्दलात घालून नवे खत करून घेई. कूळ तारखेला फिरकत नसे, हुकूमनामा एकतर्फी होई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा उसळला. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव आणि वाढलेला शेतसारा ही कारणे अनेकजण देतात. कर्ज का साचले, हे त्यातून कळते. पण जमावाने माणसांवर फारसा हात न टाकता खतेच शोधून का जाळली, ते कळत नाही. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतामागचा सगळा हिशेब उकरण्याचा अधिकार कोर्टाला दिला, देण्यापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली आणि समेट घडवणारे मध्यस्थ आणले. ते जिथे नेमले, तिथे त्यांच्या दाखल्याशिवाय शेतकऱ्यावर फिर्याद दाखल होईना.